तपासलं : उमा रांजणीकर

उमा रांजणीकरला कुणी विचारलं की बाई, तुम्ही काय काम करता, तर ती आधी समोरच्याचा चेहरा बघते. नुसतं विचारायचं म्हणून विचारलेलं असलं तर "बियाण्याच्या मशीनचं काम बघते" एवढ्यावर बोळवण करते. पण खरंच ऐकायची तयारी दिसली, की मग तुमची चहाची वेळ टळलीच म्हणून समजा.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत हुकमचंद शेठचा कारखाना आहे. शेठनी बायकोच्या, म्हणजे तारादेवींच्या नावावरून त्याचं नाव 'तारा यंत्र' ठेवलंय. तिथं बियाणं निवडायची यंत्रं बनतात. पट्ट्यावरून सोयाबीन नाहीतर मका धावत येतो, वरचा कॅमेरा एकेक दाणा बघतो, आणि काळा, किडका, फुटका दाणा दिसला रे दिसला की हवेचा फटकारा त्याला बाजूला उडवतो. उमा सतरा वर्षांपूर्वी तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा घेऊन तिथं वायरी जोडायला लागली. वायरी जोडता जोडता तिनं यंत्राच्या पोटातला कॉम्प्युटर शिकून घेतला. कुणी शिकवलं नाही. जाडजूड पुस्तकं छापून आणायची, पोळ्या झाल्या की ओट्याशीच उभं राहून वाचायची. नवरा अवधूत जिल्हा परिषदेत आहे. तो जेवताना विचारायचा, तुमचे कर्नल जेवले का? उमा पान उलटायची.

ते कर्नल फौजेतले नव्हेत, कॉम्प्युटरचे कारभारी. कुठलाही प्रोग्रॅम चालवायचा तर आधी त्यांच्या दारात उभं राहायचं. प्रोग्रॅमच्या फाइलीच्या तोंडाशी, बियाण्याच्या पिशवीला असतं तसं, एक लेबल असतं: मी अमुक जातीच्या प्रोसेसरसाठी, मी इतक्या बिटांचा, मला मेमरीत अमुक जागी बसवा. कर्नल ते वाचतात, पटलं तरच आत घेतात. आणि आत घेताना प्रोग्रॅमला सांगतात की बाबा, आपल्या प्रोसेसरकडे अमुक अमुक सोयी आहेत, त्या खुशाल वापर. आता हे कारभाऱ्यांना कुठून कळतं? तर प्रोसेसरच्या प्रत्येक जातीसाठी एक छोटी फाइल लिहिलेली असते. दीडशे ओळींची. कुठलं लेबल चालेल, कुठलं नाही, सोयी कोणकोणत्या, एवढंच त्यात. पण त्या दीडशे ओळी चुकल्या तर पुढचं सगळं मुसळ केरात.

गेल्या वर्षी कारखान्यानं यंत्रात नवा प्रोसेसर घालायचं ठरवलं. तो इतका नवा होता की बनवणाऱ्यांनी कर्नल अर्धामुर्धाच दिला होता. बाकीचं आपलं आपण लिहून घ्या, असा मामला. त्यात ही दीडशे ओळींची फाइलही आली. उमानं मनात मांडे खायला सुरुवात केली. जुन्या प्रोसेसरच्या वेळी त्या जागेची सगळी डागडुजी तिनंच केली होती. यंत्राच्या पोटात इतकं खोल हात घालणारं जालन्यात दुसरं होतं कोण?

होतं की. हुकमचंद शेठची नात रितिका. हैदराबादला शिकून, तिथंच दोन वर्षं नोकरी करून ती परत आली होती, आणि शेठनी ते काम तिच्या हातात दिलं. उमाला म्हणाले, तू बडी आहेस, तू तपास.

तपास! उमाच्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं ते सहा महिने दुखत होतं. घरी आल्यावर ती अवधूतला म्हणाली की आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. अवधूत म्हणाला, बीळ त्यांच्या आजोबांचंच आहे. त्यावर त्याला दोन दिवस अळणी भाजी मिळाली.

बरं, रितिका आळशी असती, आढ्यतेखोर असती, तर उमाला किती बरं झालं असतं. मनसोक्त हेवा करायलाही समोरच्यात एखादा दुर्गुण लागतो. ही मुलगी सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. उमाताई, उमाताई करत मागं फिरायची. घर मारवाडी, पण मराठी अशी अस्सल बोलायची की त्यावरूनही नाव ठेवायची सोय नव्हती. चार पिढ्या जालन्यात गेल्या की आणखी काय होणार? डब्यात गट्ट्याची भाजी असली की अर्धी उमाच्या झाकणात. उमा ती खायची, चांगली लागायची, आणि चांगली लागली म्हणून आणखी राग यायचा. रितिकाच्या कीबोर्डचा टकटक आवाज तिला डोक्यात मारल्यासारखा वाटायचा. तिनं लिहिलेली एखादी ओळ वाचताना "हे मला नसतं सुचलं" असं मनात आलं, की उमा उठून पाणी प्यायला जायची. त्या सहा महिन्यांत तिनं फार पाणी प्यायलं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होती ती मूठ.

शेठच्या कारखान्याचा एक रिवाज आहे. नव्या जातीचं यंत्र पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडे उभं राहिलं, की त्यात बियाण्याची पहिली मूठ टाकायची ती ज्यानं त्याचं मुख्य काम केलं त्यानं. दाणे बाजारातले चालत नाहीत, आपल्या घरचे लागतात. फडक्यात पुरचुंडी बांधून आणायचे. तारादेवी त्या माणसाला कुंकू लावतात, किंवा त्या येऊ शकल्या नाहीत तर कारखान्यातूनच लावून पाठवतात. पेरणीला घरधनी मूठ धरतो, त्यातलाच हा प्रकार. मागच्या तिन्ही नव्या यंत्रांना मूठ उमानं टाकली होती. माहेरी रांजणीला तिच्या भावाचं शेत आहे, तिथलं सोयाबीन. त्या तीन दिवसांचे फोटो तिनं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. या वेळी मूठ रितिकाची होती, हे उमाला कुणी सांगायची गरज नव्हती.

फाइल तपासायला आली ती शनिवारी. दुपारी जेवण झाल्यावर उमा वाचायला बसली. कर्नलच्या कामात पद्धत अशी की लिहिणाऱ्याच्या नावाखाली तपासणाऱ्याचंही नाव जातं, आणि एकदा गेलं की ते कायमचं. पुढं कुणीही, कधीही उघडून बघितलं तरी दिसतं. उमानं ओळन् ओळ वाचली. लेबलची तपासणी बरोबर, जागा बरोबर, सगळं नीट. इतकं नीट की तिचा जीव आंबून गेला. आणि मग एकशे बाराव्या ओळीवर ती थांबली.

नवा प्रोसेसर दोन आकारांत येत होता, मोठा आणि छोटा. मोठ्याकडे एक खास सोय होती: सोळा आकडे एका दमात मोजायची. दाण्यांचे फोटो भराभर बघायला ती फार उपयोगी. छोट्याकडे ती नव्हती. प्रोसेसरच्या तीनशे पानी पुस्तकात, एका तक्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत हे छापलेलं होतं, आणि तळटीपा वाचणं ही उमाची जुनी खोड. रितिकानं मात्र सरसकट लिहून टाकलं होतं की सोय आहे. म्हणजे छोट्यावरही कर्नल प्रोग्रॅमला सांगणार, आहे, वापर. प्रोग्रॅम वापरायला जाणार, आणि तिथल्या तिथं मरणार. कारखान्यात चाचणीला सगळे बोर्ड मोठ्या प्रोसेसरचे होते, त्यामुळे तिथं हे कधी दिसलंच नसतं. छोटा लागणार होता तो वाटूरला गिऱ्हाइकाकडे उभ्या राहणाऱ्या पहिल्या यंत्राला. गुरुवारी.

उमाच्या छातीत आनंदाची अशी उकळी फुटली की तिचीच तिला लाज वाटली. पण लाज क्षणभर, आनंद बराच वेळ. दोन खुर्च्या पलीकडे रितिका बसली होती. "अगं, एकशे बारा बघ," एवढंच म्हणायचं होतं. उमानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात रितिका फोनवर कुणाला तरी हसून सांगताना ऐकू आली की मुठीसाठी दादीजींनी घरच्या अंगणातला मका वाळवून ठेवलाय. अंगणातला मका! उमाचं तोंड मिटलं.

तिनं खाली लिहिलं, 'तपासलं : उमा रांजणीकर'. आणि पाठवून दिलं.

पुढचे चार दिवस तिनं मनात तो गुरुवार शंभरदा बघितला. यंत्र बंद पडणार. लोक खोळंबणार. रितिका रडकुंडीला येणार आणि म्हणणार, उमाताई, जरा बघता का? मग उमा चष्मा लावणार, शांतपणे फाइल उघडणार, एक ओळ बदलणार, आणि यंत्र चालू. शेठना कळणार की काम देताना घर चुकलं. आणि मूठ? ती ओघानंच येणार. म्हणून बुधवारी संध्याकाळी तिनं डब्यातलं रांजणीचं सोयाबीन काढलं, निवडलं, पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि पर्समध्ये ठेवलं. अवधूतनं विचारलं, या वेळी पण तूच का? ती म्हणाली, बघू.

वाटूर फाट्याजवळ शेतकऱ्यांच्या एका कंपनीनं बियाणं साफ करायचं केंद्र बांधलंय. गुरुवारी अकराला तिथं तीस-चाळीस माणसं जमली होती. यंत्राला झेंडूचा हार. कारखान्यातून उमा, रितिका आणि यंत्र बसवणारा भारत, असे तिघं आले होते. रितिकाच्या कपाळावर कुंकू होतं आणि हातात मक्याची पुरचुंडी. भारतनं बटण दाबलं. पडद्यावर कर्नलच्या ओळी सरसर वर गेल्या, आणि दाणे निवडायचा प्रोग्रॅम सुरू होताच मेला. पुन्हा दाबलं. पुन्हा मेला.

उमानं हाताची घडी घातली आणि वाट बघायला लागली.

रितिका रडकुंडीला आली नाही. तिनं लोकांना हात जोडून थोडा वेळ मागितला, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. कॅमेरा तपासला. प्रोग्रॅम पुन्हा बांधून घातला. बोर्ड बदलला, दुसरा छोटा बोर्ड लावला. तेच. बारा वाजले, एक वाजला. लोकांना चहा झाला, मग पोहे झाले. काहीजण घरी गेले. उमा बोलावण्याची वाट बघत होती आणि बोलावणं येत नव्हतं. तिला वाटलं, गर्व आहे पोरीला, विचारायला कमीपणा वाटतोय. मनात कुठंतरी गारही वाटलं.

शेवटी भारतच म्हणाला, "रितिकाताई, त्या प्रोग्रॅम आत घ्यायच्या फाइलीत बघा की एकदा. सगळं बघून राह्यले, तेवढंच राह्यलंय."

"ती उमाताईंनी बघितलीय," रितिकानं मान वर न करता सांगितलं. "तिथं चूक न्हाई. तिथं टाइम घालवायचा न्हाई."

उमाच्या हातांची घडी सुटली. म्हणजे बोलावणं का येत नव्हतं ते हे होतं. पोरगी सगळं रान धुंडाळत होती, फक्त उमाच्या कुंपणाच्या आत जात नव्हती, कारण तिथं कुंपण आहे यावर तिचा विश्वास होता.

रितिकाचा हिशेब सरळ होता. प्रोग्रॅम विचारतो, सोय आहे का? कर्नल म्हणतो, आहे. कर्नलची फाइल तपासलेली, म्हणजे सोय आहेच. तरी चालत नाही, म्हणजे प्रोसेसरच बिघडलेले. एक नव्हे, दोन्ही. म्हणजे आलेला सगळा मालच खराब. तिनं शेठना फोन लावला. ऊन होतं, केंद्रात पंख्याचा आवाज होता, म्हणून स्पीकर चालू केला. चाळीसच्या चाळीस छोटे बोर्ड परत पाठवावे लागतील, मोसमाच्या आत यंत्रं जाणार नाहीत, असं तिनं सांगितलं.

पलीकडून शेठ म्हणाले, "आपल्या बाजूनं तर चूक न्हाई ना, बेटा? बराबर बघितलं?"

"उमाताईंनी तपासलं, दादाजी."

"उमानं बघितलं? मंग बस झालं. मंग माल वापस कर. तिच्या नजरेतून मुंगी सुटत न्हाई."

सतरा वर्षं. सतरा वर्षं उमा या एका वाक्याची वाट बघत होती. शेठ तोंडावर कुणाची स्तुती करत नाहीत. करतील, कधीतरी करतील, म्हणून तिनं दिवाळीच्या सुट्ट्या सोडल्या होत्या, तापात काम केलं होतं. आणि आज ते वाक्य आलं, तिच्या देखत, तिलाच न सांगता. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते आता तिला बाहेरच्या कुणी सांगायला नको होतं.

ती पुढं झाली. म्हणाली, दे तो लॅपटॉप इकडं. चष्म्यासाठी पर्समध्ये हात घातला. चष्म्याच्या डबीबरोबर पांढरं फडकंही वर आलं, आणि पुरचुंडी टेबलावर पडली. गाठ सैल होती. चार दाणे घरंगळले.

रितिकानं त्या दाण्यांकडे बघितलं. मग स्वतःच्या पुरचुंडीकडे. या कारखान्यात वाढलेल्या पोरीला पांढऱ्या फडक्यातल्या दाण्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण तिनं विचारलंच, अगदी हळू.

"ही कशाला आणली, ताई?"

उमाला खोटं बोलता आलं असतं. सहज आणली, सवय आहे, नवसाची आहे. तीन कारणं जिभेवर आली आणि तिन्ही गिळली. "मला दिसलं होतं," ती म्हणाली. "शनिवारीच. एकशे बारावी ओळ. छोट्या प्रोसेसरला ती सोय न्हाई."

भारत यंत्राच्या मागं गेला होता, त्यानं ऐकलं नव्हतं. उमाच्या मनात आलं, पोरीनं ओरडावं, चार माणसांत पाणउतारा करावा, म्हणजे सुटले. रितिकानं लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला आणि उठून खुर्ची दिली.

उमानं ओळ बदलली. सोय आहे असं आधीच लिहून ठेवायचं नाही. यंत्र सुरू होताना प्रोसेसरलाच विचारायचं, आणि तो म्हणेल तेच प्रोग्रॅमला सांगायचं. चार ओळींचं काम. कर्नल पुन्हा बांधून घालायला अर्धा तास गेला. सव्वातीनला पट्टा चालू झाला. राहिलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. भारत म्हणाला, पाहिलं? उमाताईनं हात लावला की झालं.

मुठीची वेळ आली. उमा मागं सरकली. रितिकानं टेबलावरची पांढरी पुरचुंडी उचलली, सुटलेले चार दाणे गोळा करून आत घातले आणि तिच्या हातात दिली. "टाका," ती म्हणाली. "आणलीच आहे तर."

उमानं मूठ टाकली. भारतनं फोटो काढला. दाणे पट्ट्यावरून गेले, फट्‌ फट्‌ करत तीन दाणे उडून बाजूच्या डब्यात पडले. निवडून आणलेलं सोयाबीन, तरी तीन निघाले. रितिकानं मक्याची पुरचुंडी तशीच पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती नोंदवली गेली ती रितिकाच्या हातून. त्यात चूक कुणाची, दुरुस्ती कशाची, आणि चूक कुणाच्या लक्षात आली, हे लिहायची पद्धत आहे. रितिकानं चूक स्वतःच्या नावावर लिहिली. खाली लिहिलं, 'चूक दाखवली : उमा रांजणीकर'. तारीख गुरुवारची. शनिवारचं कुठंच काही नाही. आजोबांनाही तिनं तेवढंच सांगितलं असणार, कारण शेठनी उमाला घरी चहाला बोलावलं, आणि तारादेवींनी तिला साडी नेसवली. शेठ चारचौघांत म्हणाले की चाळीस बोर्ड परत जायचे वाचले ते उमामुळं. अवधूतनं चौथा फोटो मोठा करून आणला. उमानं अजून तो कपाटाला चिकटवलेला नाही. साड्यांच्या खाली ठेवलाय.

आता तिला हेवा करण्यासारखं काही उरलं नाही. मूठ मिळाली, नाव मिळालं, शेठची शाबासकी मिळाली. रितिका अजूनही सकाळी सगळ्यांच्या आधी येते, कीबोर्ड टकटकतो. फाइली तपासायला उमाकडेच येतात. उमा प्रत्येक ओळ तीनदा वाचते, स्वल्पविराम सुटला तरी त्याच मिनिटाला कळवते. उत्तरही लगेच येतं, सभ्य, नेटकं.

"थँक्यू, उमा मॅडम."

डबा मात्र आता रितिका आपल्या जागेवरच बसून खाते. कधी गट्ट्याची भाजी असली की तिचा वास दोन खुर्च्या ओलांडून येतो, आणि उमा पाणी प्यायला उठते.